एकाच पाण्याचे दोन आकडे

भांडुपहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या २९ वर्षांच्या धाकट्या भावाला तीन आठवडे संध्याकाळी ताप येत होता, उजव्या कुशीत दुखत होते आणि जिना चढताना धाप लागत होती. एक्स-रेमध्ये छातीत पाणी झाल्याचे दिसले आणि एका खासगी रुग्णालयात सुईने सातशे मिलिलिटर पाणी काढण्यात आले. तपासणीत ते पाणी पिवळसर आणि भरपूर प्रथिने असलेले निघाले. त्यातल्या पेशी बहुतेक लिम्फोसाइट होत्या आणि एडीए ५८ होता. जंतूंचा डीएनए शोधणारी सीबीनॅट तपासणी मात्र निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी क्षयाची औषधे, म्हणजे एकेटी, लगेच सुरू करण्याचा सल्ला दिला. एवढ्या आकड्यावर सहा महिने औषधे कशी घ्यायची, असे वाटून या बाईंनी उरलेल्या पाण्याची बाटली मागून घेतली. ती रात्रभर घरी राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या लॅबच्या कलेक्शन सेंटरवर पोहोचली. तिथे एडीए ३१ आला. ‘३१ म्हणजे नॉर्मलच ना?’ असे त्या विचारतात. एका नातेवाइकाने ‘टीबी गोल्ड’ ही रक्ततपासणी सुचवली आहे, दुसऱ्याचे म्हणणे तिसऱ्या लॅबमध्ये जाऊन निकाल लावा असे आहे. तुळशीचे लग्न आटोपल्यावर भावाच्या लग्नाचा मुहूर्त धरलेला आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : ‘टीबीची मला भीती नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडेच राहणाऱ्या चुलतभावाला झाला होता, त्याने अठरा महिने औषधे घेतली आणि आज तो ठणठणीत आहे. माझा प्रश्न एवढाच की दोनपैकी खरा रिपोर्ट कोणता?’

तुमच्या पत्रातून भावाविषयीची काळजी जशी दिसते तशीच एक शिस्तही दिसते. तारखा, आकडे, पाण्याचा रंग, सगळे तुम्ही नोंदवून ठेवले आहे. असे पत्र फार थोडे लोक लिहितात. मी बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेच्या बाजूने देतो. उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचे हे तरी यातून ठरवता येईल.

आधी हा आकडा कशाचा आहे ते पाहू. एडीए, म्हणजे अ‍ॅडेनोसीन डीअमिनेज, हे आपल्या सगळ्यांच्या पेशींत असणारे एक एन्झाइम आहे. अ‍ॅडेनोसीन या रेणूतून अमोनिया सोडवून त्याचे इनोसीन करणे हे त्याचे काम. लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी जिथे जोमाने कामाला लागतात, तिथे ते वाढते. क्षयाचे थोडेसे जंतू फुप्फुसाच्या कडेच्या गाठीतून आवरणाच्या पोकळीत उतरले की याच पेशी तिथे गर्दी करतात, पाणी साठते आणि त्या पाण्यातला एडीए चढतो. इटलीतल्या संशोधकांनी १९७८ मध्ये हे प्रथम दाखवून दिले, आणि स्वस्त, झटपट तपासणी म्हणून आपल्याकडे ती रुजली. यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की एडीए जंतूंचा नसतो, तो तुमच्या भावाच्या स्वतःच्या पेशींचा असतो. म्हणून पू झाला असेल, लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, असेल किंवा संधिवाताचे पाणी असेल, तरीही तो वाढलेला सापडतो. अडीचशेच्या वर गेलेला आकडा पाहून तर जाणते डॉक्टर क्षयाऐवजी पू किंवा लिम्फोमाचा विचार आधी करतात.

आता तुमचे ५८ आणि ३१. ‘खरा कोणता’ या प्रश्नात एक गृहीत आहे, ते म्हणजे दोन्ही लॅबनी एकच वस्तू मोजली. ती एकच नव्हती. पहिल्या लॅबने ताजे पाणी मोजले, दुसरीने सप्टेंबरच्या दमट मुंबईत रात्रभर घरात राहिलेले आणि दुसऱ्या दिवशी उन्हातून गेलेले पाणी मोजले. एन्झाइम मोजायचे म्हणजे त्याची क्रियाशीलता मोजायची असते, आणि गरम जागी पडून राहिलेल्या नमुन्यात ती टिकत नाही. उलटही घडते. पाण्यात रक्त मिसळून तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातला एडीए बाहेर येऊन आकडा फुगतो. बाटलीत इतर जंतू वाढले तर त्यांचा अमोनिया त्यात मिसळतो, आणि आपल्याकडे अजूनही अनेक ठिकाणी वापरली जाणारी पद्धत अमोनियाच मोजते. फिनॉल आणि हायपोक्लोराइट घातले की अमोनियाच्या प्रमाणात निळा रंग चढतो, आणि त्या रंगाची गडदता यंत्र वाचते. (त्या निळ्या नळ्यांची रांग मला अजून आवडते, पण तिच्या सौंदर्यावर भाळून नमुना कसा आला हे विचारायला विसरणारे तंत्रज्ञही मी पाहिले आहेत.) नव्या किटांमध्ये दुसऱ्याच एन्झाइमांची साखळी वापरतात. म्हणजे पद्धत वेगळी, किट वेगळे आणि नमुन्याची अवस्था वेगळी. अशा दोन आकड्यांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही, आणि सरासरी काढण्यात त्याहून नाही.

यातून निघणारे माझे मत सरळ आहे. या दोनपैकी पहिला आकडा अधिक विश्वासार्ह मानावा. बाटली नेणे ही तुमची चूक होती असे मी म्हणणार नाही. ती देताना, हे पाणी लगेच थंड ठेवून न्यावे लागते, असे कोणीतरी तुम्हाला सांगायला हवे होते. शरीरातले कोणतेही पाणी एडीएसाठी पाठवायचे असेल तर ते बर्फाच्या पॅकसह, त्याच दिवशी आणि शक्यतो लॅबमध्ये थेट न्यावे. बाटलीवर काढल्याची वेळ लिहावी आणि पाण्यात रक्त दिसत असेल तर तसे फॉर्मवर नोंदवावे. कलेक्शन सेंटरवर दिलेला नमुना संध्याकाळच्या गाडीने कुठे जातो, हे विचारायला संकोचू नका.

‘३१ म्हणजे नॉर्मल’ हेही तपासून घ्या. छातीच्या पाण्यासाठी बहुतेक ठिकाणी ४० युनिट प्रति लिटर ही सीमा धरतात, पण काही किटांवर ३० पर्यंत निगेटिव्ह, ३० ते ४० संशयास्पद आणि त्यापुढे अधिकाधिक संशय अशी मांडणी असते. रिपोर्टच्या उजव्या बाजूच्या बारीक अक्षरांत ती छापलेली सापडेल. शिवाय सीमा ही पाण्याच्या जागेनुसार बदलते. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात साधारण १० च्या वरचा आकडाही गंभीरपणे घेतात. रक्तातल्या एडीएवरून क्षयाचे निदान करता येत नाही, तरीही तो मागवला जातो आणि लोक तो रिपोर्ट घेऊन हिंडतात, हे पाहून वाईट वाटते.

तुमचे दुसरे गृहीत असे दिसते की सीबीनॅट निगेटिव्ह आणि एडीए पॉझिटिव्ह, म्हणजे दोन तपासण्या एकमेकींना खोडून काढतात. तसे होत नाही. सीबीनॅट जंतूंचा डीएनए शोधते, आणि फुप्फुसाच्या आवरणाच्या क्षयात जंतूच फार थोडे असतात. जे दिसते ती मुख्यतः शरीराची प्रतिक्रिया असते. त्यामुळे या पाण्यात सीबीनॅट पॉझिटिव्ह आली तर ती मानावी, निगेटिव्ह आली तर तिने क्षय नसल्याचे सिद्ध होत नाही. त्याच पाण्याचे कल्चरही, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणेही, निम्म्याहून अधिक रुग्णांत जंतू दाखवत नाही.

मग ५८ वर किती भरवसा ठेवायचा? अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर ही तपासणी या क्षयाच्या शंभरांपैकी नव्वदच्या आसपास रुग्ण पकडते, आणि क्षय नसलेल्या शंभरांपैकी दहाच्या आसपास लोकांना चुकून क्षयाचे ठरवते. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा, तुमच्या भावासारखे शंभर तरुण आहेत : ताप, एका बाजूचे पाणी, लिम्फोसाइटांची गर्दी, आणि राहणे मुंबईत. यांपैकी ऐंशींना क्षय असेल असे धरा. ऐंशींतले बहात्तर पॉझिटिव्ह येतील, उरलेल्या विसांतले दोन चुकून येतील. म्हणजे चौऱ्याहत्तर पॉझिटिव्हांपैकी बहात्तर खरे. आता समजा हे शंभर जण सत्तरीचे, वर्षानुवर्षे विडी ओढलेले, ताप नसलेले पण वजन उतरलेले आहेत आणि त्यांच्यापैकी तिसांनाच क्षय आहे. इथे खरे पॉझिटिव्ह सत्तावीस आणि खोटे सात, म्हणजे दर पाचांत एकाची फसगत, आणि त्या एकाचा कर्करोग क्षयाच्या गोळ्यांखाली झाकला जाण्याची भीती. तपासणी तीच आणि आकडाही तोच, पण माणूस बदलला की त्याचा अर्थ बदलतो. तुमच्या डॉक्टरांनी एवढ्याशा आकड्यावर निर्णय घेतला असे तुम्हाला वाटते. त्यांनी वय, ताप, पेशी, प्रथिने आणि आकडा यांच्या बेरजेवर तो घेतला असावा. मात्र ही बेरीज त्यांनी तुम्हाला बोलून दाखवली नाही, ही तक्रार रास्त आहे. तेवढी पाच मिनिटे मागून घ्या.

‘टीबी गोल्ड’चा मोह सोडा. ती तपासणी शरीराची क्षयाच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे का एवढे सांगते, आज आजार आहे की नाही हे सांगत नाही. आपल्या देशात ती कितीतरी धडधाकट प्रौढांत पॉझिटिव्ह येते. रक्तातली प्रतिपिंडे पाहून क्षय ठरवणाऱ्या जुन्या तपासण्यांवर तर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली. तिसऱ्या लॅबचा विचारही सोडा. त्या बाटलीतले पाणी आता कोणत्याही लॅबमध्ये नेले तरी काही उपयोगाचे सांगणार नाही.

थांबून पाहण्याचा पर्याय तुम्ही उघड मांडलेला नाही, पण पत्राच्या सुरात तो आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. क्षयाचे छातीतले पाणी काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप ओसरू शकते, तापही उतरतो, आणि घरच्यांना वाटते की बरे झाले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या एका अभ्यासात, अशा पाण्यावर उपचार न झालेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के जणांना पुढे सक्रिय क्षय झाला. म्हणून आणखी महिनाभर रिपोर्ट जमवत बसणे हा सावध पर्याय वाटला तरी तो तसा नाही.

इथपर्यंत मी तुमच्या डॉक्टरांच्या बाजूने बोलत आहे असे वाटेल. पण तुमच्या पत्रातले जे वाक्य तुम्ही निर्धास्तपणा दाखवण्यासाठी लिहिले आहे, तेच वाचून मी थबकलो. चुलतभावाने अठरा महिने औषधे घेतली. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. हाडांच्या किंवा मेंदूच्या क्षयात तो लांबतो, त्यामुळे घाईने निष्कर्ष काढू नका, पण अठरा महिने हा आकडा औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या उपचारांतही नेहमी ऐकू येतो. तसे असेल आणि तो तुमच्याच घरात, तुमच्या भावाच्या शेजारी झोपत असेल, तर भावाला मिळालेला जंतूही त्याच जातीचा असण्याची शक्यता गंभीरपणे विचारात घ्यावी लागते. मुंबईत तर हे विसरून चालतच नाही. तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण सापडल्याचे माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी नोंदवले आणि २०१२ च्या सुरुवातीला त्याची बातमी देशभर गाजली, ती याच शहरातली.

आणि नेमका इथेच एडीए मुका आहे. ५८ असो की ९८, क्षय असावा एवढेच तो सुचवतो. जंतू रिफॅम्पिसिनला दाद देईल का, आयसोनियाझिडला देईल का (ही क्षयावरची दोन मुख्य औषधे), यातले काहीही त्याला ठाऊक नसते. ते फक्त जंतू किंवा त्याचा डीएनए हाती लागला तरच कळते. तेव्हा ‘५८ खरा की ३१ खरा’ या प्रश्नाच्या जागी मी तुमच्यासाठी दुसरा प्रश्न ठेवतो : औषधाची पहिली गोळी पोटात जाण्याआधी जंतू मिळवण्याचा पुरेसा प्रयत्न झाला आहे का? पत्रावरून तरी तो एका सीबीनॅटपुरताच झालेला दिसतो.

म्हणून असे करा. आजच चुलतभावाला फोन करून त्याची फाइल मागवा. औषधांच्या नावांपेक्षाही तिच्यातला कल्चर आणि औषध-संवेदनशीलतेचा रिपोर्ट महत्त्वाचा आहे. फाइल हरवली असेल तर त्याने जिथे उपचार घेतले तिथे, किंवा क्षयरुग्णांच्या ‘निक्षय’ या सरकारी नोंदवहीतल्या त्याच्या नोंदणीवरून तपशील मिळू शकतो. ती माहिती घेऊन याच आठवड्यात भावाच्या डॉक्टरांना भेटा आणि हे संपर्काचे प्रकरण स्पष्ट शब्दांत सांगा. तुम्ही ते आधी सांगितले नसेल तर त्यांनी साधी एकेटी सुचवणे स्वाभाविकच होते. भावाच्या थुंकीची तपासणी झाली आहे का हे विचारा, कारण खोकला नसला तरी आवरणाच्या क्षयासोबत फुप्फुसातही जंतू असू शकतात. घरातल्या इतरांना संसर्गाचा धोका आहे का हेही त्यावरच ठरते. छातीत अजून पाणी उरले असेल तर ते पुन्हा काढून, या वेळी भरपूर प्रमाणात, द्रव माध्यमातल्या कल्चरला पाठवता येईल. त्याचा अंतिम निगेटिव्ह निकाल यायला सहा आठवडे लागतात, पण पॉझिटिव्ह बरेचदा त्याआधी कळतो.

सर्वांत अधिक माहिती देणारा पर्याय म्हणजे आवरणाचा तुकडा काढून तपासणे. दुर्बिणीतून, म्हणजे थोरॅकोस्कोपीने, तो घेतला तर बहुतेक रुग्णांत निदान हाती लागते. त्यासाठी एक-दोन दिवस रुग्णालयात राहावे लागते, खर्च येतो आणि थोडा धोकाही असतो. एरवी तुमच्या भावासारख्या तरुणाला मी त्याचा आग्रह धरला नसता. चुलतभावाचा आजार औषधांना न जुमानणारा होता असे निघाले तर मात्र धरीन. आणि इथे एक गोष्ट इतकी साधी आहे की ती लिहायला संकोच वाटतो, पण तिच्यापायी वाया गेलेले नमुने मी इतके पाहिले आहेत की लिहिल्यावाचून राहवत नाही. तुकडे दोन बाटल्यांत जायला हवेत. एक फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या पण जंतू मारणाऱ्या रसायनात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये, कल्चर आणि सीबीनॅटसाठी. फॉर्मॅलिनमध्ये बुडालेल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाही. सगळे तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेले की ‘गाठी क्षयासारख्या दिसतात’ असा रिपोर्ट येतो आणि औषधांचा प्रश्न होता तिथेच राहतो. ऑपरेशन थिएटरबाहेर उभे राहून ‘सलाइनची बाटली भरली ना?’ एवढे विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे.

या सगळ्याला काही दिवस लागतील. भावाची धाप कमी झालेली असेल आणि तब्येत स्थिर असेल तर नमुना नीट घेण्यासाठी तेवढे दिवस देणे योग्य ठरते. ताप चढत गेला किंवा पाणी पुन्हा भरू लागले तर डॉक्टर वाट न पाहता औषधे सुरू करतील आणि त्यांना ती करू द्यावीत. दरम्यान कोणी ‘तोवर एक अँटिबायोटिक घ्या’ म्हणून लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी देत असेल तर आधी छातीच्या डॉक्टरांना विचारा. ती क्षयाच्या जंतूवरही अर्धवट काम करते आणि कल्चर बिघडवते.

खर्चाचा उल्लेख तुम्ही केला नाही, पण हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेतले तरी क्षयाच्या रुग्णाची नोंद सरकारकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. ती नोंद रुग्णाच्या फायद्याचीच असते, कारण त्यातून औषधे विनामूल्य मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात जमा होतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती). महापालिकेच्या केंद्रांमध्ये सीबीनॅटही विनामूल्य होते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात स्वतंत्र केंद्र आहे, आणि खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असतानाही तिथल्या तज्ज्ञांचे मत घेता येते. त्या प्रकारच्या काही रुग्णांसाठी आता अठरा महिन्यांऐवजी सहा महिन्यांचा, नव्या चार औषधांचा उपचारक्रम आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली. तेव्हा चुलतभावाची फाइल वाचून वाईट बातमी निघालीच तरी अठरा महिन्यांच्या आठवणीने आधीच खचून जाऊ नका.

राहिले लग्न. थुंकी स्वच्छ निघाली आणि नेमकी औषधे सुरू झाली, तर मुहूर्त पुढे ढकलण्याचे वैद्यकीय कारण मला दिसत नाही. थुंकीत जंतू सापडले तर डॉक्टर सांगतील तोवर थांबावे लागेल. दोन्ही परिस्थितींत मुलीला हे कळायला हवे आणि ते तुमच्या भावाने स्वतः, मध्यस्थाशिवाय, रिपोर्ट समोर ठेवून सांगावे. पण आधी ती फाइल येऊ द्या. ती वाचल्याशिवाय त्याला तिच्यापुढे पुरी माहिती ठेवता येणार नाही.